उन्हाचा पटवारी

तार आली तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर त्रैराशिक मांडत होते. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि शिपाई काही न बोलता तार हातात धरून उभा राहिला की काय समजायचं हे अमरावतीच्या मुलींना शिकवावं लागत नाही. उत्तमराव गेले, लगेच निघ, एवढाच मजकूर होता. उत्तमराव म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, अकोल्याच्या शेतकी फार्मवरचे हवामानाचे निरीक्षक. पहाटे छातीत कळ आली आणि डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं. मी मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एस.टी.नं दुपारी पोचले. माझ्यासाठीच थांबले होते. पुरुष मंडळी त्यांना घेऊन गेली, बायकांच्या आंघोळी झाल्या, आणि अक्का भिंतीला टेकून बसली. पौषातला दिवस, बघता बघता कलला. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सुमन, दिवस बुडाला. कार्ड बदलून ये."

आजूबाजूच्या बायकांना वाटलं, धक्क्यानं हिचं डोकं फिरलं. मला तसं वाटलं नाही. क्वार्टरच्या पूर्वेला, मोकळ्या जागेत, छातीएवढ्या उंचीच्या ओट्यावर काचेचा एक भरीव गोळा बसवलेला आहे, आपल्याकडच्या मोठ्या संत्र्याएवढा. त्याच्या मागे पितळी वाटीसारख्या खोबणीत निळं कार्ड सरकवून ठेवायचं, त्यावर तासांच्या पांढऱ्या रेघा. ऊन गोळ्यातून जाऊन कार्डावर एका बिंदूत गोळा होतं आणि कार्ड जाळतं. सूर्य पुढे सरकतो तशी जळाल्याची काळी रेघही सरकते. ढग आला की रेघ तुटते. रोज सूर्यास्तानंतर जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं, आणि किती जळालं ते मोजून वहीत लिहायचं. भाऊजींनी हे पंधरा वर्षं केलं, लग्नकार्यात केलं, तापात केलं. त्या संध्याकाळी मी काढलेल्या कार्डावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसंध काळी रेघ होती. घरात एवढं घडलं आणि ऊन क्षणभरही थांबलं नाही... मला त्या रेघेचा सरळ राग आला. तरी मी ती मोजली आणि वहीत लिहिली.

वऱ्हाडात ऊन मोजायची नोकरी म्हणजे लोकांना आयता विनोद. भाऊजी मूळचे तेल्हाऱ्याचे, घरची काळी कसदार जमीन, कपाशी, दोन भाऊ शेतात. धाकट्यानं बी.एस्सी. केलं तेव्हा घरच्यांना वाटलं तहसीलदार होईल. त्यानं जाऊन ही नोकरी धरली. पहिल्या दिवाळीला गावी गेले तर पारावर एकानं विचारलं, "काय मोजून राहिला म्हन्ते तू? ऊन? आमाले तं ते मोजल्याबिगरच लागून राहिलं बाप्पा." दुसऱ्यानं लगेच नाव ठेवलं, उन्हाचा पटवारी. ते नाव गावभर झालं, मग आमच्या वलगावला माहेरी आलं, आणि मीही मेहुणीच्या हक्कानं वापरलं. भाऊजींना राग यायचा नाही. म्हणायचे, "पटवाऱ्यानं सातबारा चुकवला तं भाऊ भावाच्या उरावर बसते. मी चुकलो तं कोनाले समजतही नाई. म्हून मलेच जास्त सांभाळा लागते." तेव्हा मला हे बोलणं जरा आढ्यतेचं वाटलं होतं. गणिताच्या मास्तरणीला दुसऱ्याची काटेकोरपणाची प्रौढी सोसत नाही, हेही खरं.

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. एवढ्या कष्टानं लिहिलेले आकडे महिन्याच्या शेवटी तक्त्यात भरून वर जात, आणि वर म्हणजे कुठे हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. वह्या कपाटात, कपाटाला कुलूप. ज्याच्या अंगणात ते ऊन पडतं त्याला ते किती पडतं हे कळायची काही सोय नाही. त्या काळी वर्तमानपत्रांत सूर्यचुलीची चित्रं यायची. उन्हावर भात शिजेल, पाणी तापेल, असं सगळे सांगायचे. भाऊजी वाचून कागद बाजूला ठेवायचे. "चूल मोठी कराची का लहान, हे कशावरून ठरवान? आधी माहीत तं पाहिजे ना, पावसाळ्यात किती दिवस तोंड दाखवत नाई ते." मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. कोणी पोस्टकार्ड टाकून विचारलं की महिनावार आकडे हातानं उतरवून पाठवायचे. मिरच्या वाळवणाऱ्यानं विचारलं, त्याला पाठवले. एका शाळामास्तरानं विचारलं, त्याला पाठवले. कोणाला काय पाठवलं याची यादीही ठेवायचे. ही यादी पुढे त्यांच्याच अंगाशी यायची होती.

नवं राज्य झालं त्या सुमारास परतवाड्याहून एक डॉक्टर आले. तरुण, उन्हानं रापलेले, मेळघाटातल्या पायवाटेच्या गावांचे रोगी बघणारे. त्यांची अडचण साधी होती. पेनिसिलिनची पूड मिळायची, पण ती ज्यात कालवायची ते शुद्ध, वाफेचं पाणी बाटल्यांतून बाहेरून यायचं आणि ऐन पावसाळ्यात, रोगी सगळ्यात जास्त असताना, अडकायचं. डॉक्टरांनी लाकडाची पेटी केली होती, आत काळा रंग दिलेलं पत्र्याचं ताट, वर तिरपी काच. उन्हानं पाण्याची वाफ होते, काचेला लागून थेंब होतात, ते ओघळून बाटलीत. ते पाणी पुन्हा उकळून वापरायचं. त्यांना एवढंच हवं होतं की श्रावण-भादव्यात दिवसाला ऊन साधारण किती मिळेल, म्हणजे पेट्या किती लावायच्या आणि बाटल्या किती भरून ठेवायच्या ते ठरेल. भाऊजींना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. मी तेव्हा सुट्टीला अकोल्यात होते. आठ पावसाळ्यांचे आकडे त्यांनी एका बैठकीत उतरवले, डॉक्टरांना जेवायला ठेवून घेतलं, आणि अक्काला म्हणाले, "पाय, कामाले आलं की नाई ऊन?"

भादव्यात डॉक्टरांचं पत्र आलं. पेट्या पुरल्या नव्हत्या. ढगाळ दिवसांत बाटल्या संपल्या, पूड हाताशी असून पाणी नाही अशी वेळ आली, आणि एका बाळंतिणीला तापात बैलगाडीतून अमरावतीला पाठवावं लागलं. बाई वाचली. डॉक्टरांनी तक्रार केली नव्हती. उलट लिहिलं होतं की पेटीच्या फटीतून वाफ जात असेल, दोष माझाच असावा. दुसऱ्या कोणी हे वाक्य वाचून सुटकेचा श्वास टाकला असता. भाऊजींनी ते पत्र मला अमरावतीला पाठवलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. फट नसणार. तुझ्या शाळेत शर्यतीचं थांबतं घड्याळ आहे ना, ते घेऊन ये.

मी मुख्याध्यापिकाबाईंना काहीबाही सांगून घड्याळ घेतलं आणि शनिवारी गेले. आकाश हवं तसं होतं, घटकेत ऊन, घटकेत सावली. ओट्याशेजारी जमिनीत एक काडी रोवली. काडीची सावली स्वच्छ दिसली की मी घड्याळ सुरू करायचं, पुसली की बंद. भाऊजी प्रत्येक वेळ कागदावर टिपत होते. फार्मवरची माणसं येता-जाता बघत होती. पटवाऱ्याच्या जोडीला आता पटवारीणही आली, असं कोणी म्हणालंही असेल. शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी सूर्यास्तानंतर कार्ड काढून आम्ही दोन्ही आकडे शेजारी मांडले. घड्याळ म्हणत होतं सव्वादोन तास. कार्ड म्हणत होतं जवळजवळ तीन. मी बेरीज पुन्हा केली, कारण बेरीज चुकली असावी असं मला फार वाटत होतं. नव्हती चुकली. भाऊजींनी कार्ड दिव्याजवळ धरलं. ऊन थोडाच वेळ पडलं तरी भोक मात्र चांगलं रुंद पडतं, कडा आणखी पुढे जळत जातात. एकसंध रेघेत त्याचं काही बिघडत नाही. पण तुटक्या उन्हाच्या दिवशी अशी पंधरा-वीस भोकं, आणि ते प्रत्येक भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत आले होते. जितकं जळालं तितकं ऊन, असं त्यांना आधीच्या माणसानं शिकवलं होतं, आणि त्यांनी कधी पडताळून पाहिलं नव्हतं. कडक उन्हाळ्यात हे चाललं. नेमकं श्रावणात, जेव्हा कोणाला खरं ऊन हवं होतं, तेव्हा त्यांच्या वहीनं ते वाढवून सांगितलं होतं.

"आठ पावसाळे," ते म्हणाले. बस, एवढंच. मग उठून हातपाय धुतले आणि जेवले. मला वाटलं, विषय तात्पुरता मिटला. जेवण झाल्यावर पानाचा डबा पुढे ओढत म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत काय करून राहिली तू?"

ती दिवाळी मी कधी विसरणार नाही. अक्का आत करंज्या तळत होती आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत जुन्या कार्डांचे गठ्ठे सोडून बसलो होतो. कार्डांना जळक्या पुठ्ठ्याचा वास असतो, तो बोटांना आठवडाभर राहतो. नियम त्यांनी आधी ठरवला, सुट्या भोकाच्या दोन्ही टोकांकडून किती सोडायचं तो, आणि तो घड्याळाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. एक माणूस मोजेल, दुसरा तेच कार्ड पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजेल, जमलं नाही तर तिसऱ्यांदा दोघं मिळून. मी म्हटलं, भाऊजी, सरसकट अमुक इतकं वजा करा ना, दोन दिवसांत होईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचं कार्ड उचललं.

त्या गठ्ठ्यांत हिवाळ्याचीही कार्डं होती. त्यांची रेघ बहुधा सलग, म्हणून मी ती विसाव्यासाठी चाळत असे. चाळता चाळता एक गोष्ट खटकली. दर वर्षी, माघाच्या सुमारास, एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी रेघ एकदम तुटायची, वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखी सुरू. तारीख दर वर्षी निराळी. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात भाऊजींच्याच अक्षरात, 'धुके'. मी विचारलं, "भाऊजी, हे धुकं काहून असं कापल्यासारखं येते?" ते म्हणाले, त्या वेळेला मी फार्मच्या पलीकडच्या टोकाला असतो, पाऊस मोजायच्या भांड्यापाशी, धुकंच असणार. असणार, हा शब्द तोंडातून गेला आणि ते स्वतःच थांबले. मग खुंटीवरचं पंचांग काढलं. यंदाचं, मग ट्रंकेतली जुनी. इंग्रजी तारखा फिरत होत्या, तिथी मात्र एकच. माघ शुद्ध सप्तमी. रथसप्तमी.

"इकडे ये वं जरा," त्यांनी आत हाक मारली. अक्का पिठाचे हात घेऊन आली. तिनं काही लपवलं नाही, तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. रथसप्तमीला अंगणात सूर्याची रांगोळी काढायची, गोवऱ्यांवर दूध उतू घालायचं, हे तर सगळ्याच करतात. पण जिच्या घरासमोर साक्षात सूर्याला धरून ठेवणारा गोळा आहे, तिनं त्याला सोडून रांगोळीची पूजा करायची? ती गोळ्याला हळदकुंकू लावायची, घरी वळलेलं कापसाचं वस्त्र घालायची, बारा नावं म्हणायची. "मंग पदरानं पुसून घेतो मी चांगलं," ती म्हणाली. "घान नाई ठेवत. तुमाले खपत नाई ते मले माहीत नाई का?"

मी हसत सुटले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली आणि प्रत्येक 'धुके'वर आडवी रेघ मारून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: 'पूजा. ऊन होते.' आठ वर्षं, आठ वेळा. मी म्हटलं, अक्काला यापुढे सांगा, लांबून नमस्कार कर. त्यावर ते म्हणाले, "काहून? खोट माहीत नव्हती तवा ते खोट होती. आता माहीत आहे. लिहून ठेवली का झालं." पुढच्या रथसप्तमीला ते पावसाच्या भांड्याकडचं काम लवकर उरकून घड्याळ घेऊन ओट्यापाशी उभे राहिले, पूजा किती वाजता लागली, किती वाजता संपली ते लिहायला. अक्का चिडली. "देवालेही घड्याळ लावता का आता?" पण त्यानंतर दर वर्षी ती पूजेला बसण्याआधी त्यांची वाट बघू लागली.

दुरुस्त आकडे घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता, नोकरीतला माणूस होता. वर गेलेले आकडे परत मागवायचे नसतात, असं तो म्हणाला. आठ वर्षं हे कार्यालय झोपलं होतं का, असं विचारतील. यापुढे बरोबर मोजा, मागचं राहू द्या. आणि सहज सांगावं तसं सांगितलं की वरच्या जागेसाठी तुमचं नाव गेलंय, या महिन्यात नवं काही काढू नका. भाऊजी घरी आले तेव्हा मी तिथेच होते. अक्कानं विचारलं तर म्हणाले, विचार करून राहिलो. विचार त्यांनी दोन दिवस केला. त्यांना नागपूरला जायचं होतं, नवी यंत्रं बघायची होती, हे आम्हाला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती एक कागद दिला, मराठीत, सुवाच्य अक्षरात. अकोल्याचं ऊन, महिनावार; पावसाळ्यात सलग किती दिवस ऊन मिळत नाही, तेही. आणि सगळ्यात वर: 'यापूर्वी मी दिलेले पावसाळ्याचे आकडे चुकीचे होते. चूक माझी आहे.' खाली सही. "तुह्या शाळेत ते प्रती काढाचं मशीन आहे ना?" त्यांनी विचारलं.

सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझी दोन पातळं खराब झाली. यादीतल्या प्रत्येकाला प्रत गेली, मिरचीवाल्यालासुद्धा. मग यादीबाहेरही गेल्या, तेल्हाऱ्याला, वलगावला, शाळांना, दवाखान्यांना, ग्रामपंचायतीच्या फळ्यांवर. परतवाड्याला ते स्वतः घेऊन गेले. साहेबांनी बोलावलं, सरकारी माहिती कोणाच्या परवानगीनं वाटली म्हणून खडसावलं. भाऊजींनी दिलेलं उत्तर पुढे फार्मवर बरीच वर्षं सांगितलं जायचं. "कार्ड सरकारचं हाये साहेब. ऊन नाई." वरची जागा दुसऱ्याला मिळाली. नागपूर राहिलं ते राहिलंच. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटलं, आणि पुष्कळ दिवस वाटलं. पण पुढच्या भादव्यात डॉक्टरांनी एक बाटली पाठवली, पेटीतल्या पाण्यानं भरलेली. पेट्या वाढवल्या होत्या, साठा वाढवला होता, अखेरपर्यंत पुरला होता. ती बाटली बाहेरच्या खोलीतल्या फळीवर अजून आहे. बूच कोणी काढलेलं नाही.

परवा रथसप्तमी झाली. मी आदल्या दिवशीच अकोल्याला गेले होते. दुखवट्यामुळे घरात सणाचं काही नव्हतं, आणि असतं तरी अक्का आता कुंकवाला हात लावणार नव्हती. सकाळी लख्ख ऊन पडलं. आजूबाजूच्या क्वार्टरांतून दूध करपल्याचा वास येऊ लागला. अक्का दारात बसून ओट्याकडे बघत होती. मला ते पाहवेना. मी देवघरातली कापसाची वस्त्रं घेतली आणि चपला घालू लागले. मोठ्या गणिती म्हणवणाऱ्या बाईला त्या क्षणी एवढंच हवं होतं की त्या कार्डावरची रेघ नेहमीसारखी तुटावी.

"कुठं चालली?" अक्का म्हणाली. मी हातातलं दाखवलं.

"नको," ती म्हणाली. "त्यायनं सारा जनम खोटं पुसण्यात घालवला. आता तू नवं नको लिहू."

आम्ही दोघी दारात बसून राहिलो. नऊ वाजले, साडेनऊ झाले. गोळा चमकत होता आणि त्याच्यापाशी कोणी नव्हतं. नवा निरीक्षक फाल्गुनात येणार आहे. त्याला वही देताना मोजायचा नियम मी पहिल्या पानावर लिहून देणार आहे, आणि दर महिन्याची प्रत आमच्या शाळेत येईल, तिथून पुढे जाईल, हेही त्याच्याकडून कबूल करून घेणार आहे. नाही म्हणाला तर मी दर महिन्याला अकोल्याला जाऊन स्वतः उतरवीन. एस.टी. चालू आहे आणि माझे हात शाबूत आहेत.

सूर्यास्तानंतर मी कार्ड काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रथसप्तमीची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जळाली होती. मी मोजली आणि आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्याशी येऊन मात्र हात थांबला. अक्का दिवा घेऊन शेजारी उभी होती. तिनं वहीची पानं मागे उलटून मागच्या रथसप्तमीची ओळ शोधली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाली, "लिही. जे झालं ते लिही."

मी लिहिलं: 'पूजा नाही. ऊन होते.'